पेंग्विनच्या साच्यातली खुर्ची

‘त्यात काय आहे? मी इथून बनवून पाठवतो!’

हे वाक्य मी फोनवर बोललो तेव्हा पद्मजा देवळात गेली होती. ती घरात असती तर ते माझ्या तोंडातून बाहेर पडलंच नसतं. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत माझी बरीचशी मूर्ख वाक्यं तिने नुसत्या भुवईने आतल्या आत परतवली आहेत. पण त्या दिवशी मी एकटा होतो, चहा चांगला झाला होता, आणि समोर फोनच्या पडद्यावर आमची यामिनी होती.

यामिनी, म्हणजे आमची एकुलती मुलगी, कॅनडात कॅलगरीला असते. इथे आमची सकाळ झाली की तिची झोपायची वेळ होते, आणि त्या मधल्या फटीत आम्ही बोलतो. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. रायपूरच्या पोरांचं हे असंच आहे, त्यात कोणाला काही वाटत नाही.

“बाबा, देखो ना, ये वाली,” म्हणत तिने मला एका खुर्चीचा फोटो दाखवला. टोपलीसारखी खोलगट पांढरी बैठक, खाली तारांची नाजूक जाळी, आणि सगळ्यांत खाली पाळण्याला असतात तशा दोन लाकडी वाकड्या पट्ट्या. बसलं की डुलते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुणा नवरा-बायकोने मिळून ही तऱ्हा काढली म्हणे. (आम्ही नवरा-बायकोने मिळून आजवर फक्त भांडणं काढली.) अस्सल खुर्चीची किंमत बघून शिशिरने, म्हणजे आमच्या जावयाने, लॅपटॉप बंद केला आणि तो बर्फात फिरायला निघून गेला. तेव्हापासून यामिनी नकला शोधत होती. एका नकलेला बसल्याबरोबर तडा जातो असं लोकांनी लिहिलं होतं. दुसरी फक्त भगव्या रंगात होती. तिसरी सगळ्या बाजूंनी चांगली, पण ती घरी पोचायच्या आत बाळ घरी आलं असतं.

हो, बाळ. खुर्ची त्याच्यासाठीच हवी होती. त्याला घेऊन बसायला.

आता इथे एक गोष्ट सांगायला लागते. ती हसण्यासारखी नाही म्हणून पटकन सांगून टाकतो. मागच्या वर्षीही यामिनीला दिवस गेले होते. पद्मजाने आपल्या मऊ सुती साड्या फाडून दुपटी शिवली, डिंक निवडून डब्यात भरला, आमचे दोघांचे व्हिसा आले, तिकिटं काढली, बॅग भरून दाराशी ठेवली. आणि पाचव्या महिन्यात तो फोन आला. पद्मजाने दुपट्यांचं गाठोडं बांधून माळ्यावर टाकलं आणि त्याबद्दल कधीही एक अक्षर बोलली नाही. आता पुन्हा गोड बातमी होती, सातवा महिना लागला होता. पण पद्मजाने नियमच केला होता: बाळ हातात येईपर्यंत बाळासाठी काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, आणि तिकीट तर मुळीच काढायचं नाही. आपण तयारी केली म्हणून तसं झालं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिच्याशी वाद घालायची मला हिंमत नव्हती. खरं सांगायचं तर रात्री अंथरुणावर पडलं की मलाही तसंच वाटायचं.

त्या सकाळी फोन ठेवण्याआधी यामिनीने विचारलं, “बाबा, आई नहीं आएगी ना?” आज नळ येणार नाही ना, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात.

मी जलकार्य विभागात नोकरी केली आहे. नळाबद्दल लोकांना काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक आहे. “पाहू ना,” म्हणालो. ती “हाँ हाँ, कोई बात नहीं” म्हणाली, आणि तिचं ते ‘कोई बात नहीं’ माझ्याच्याने ऐकवेना. तेव्हा ते वाक्य बाहेर पडलं. आई पाठवता येत नव्हती, म्हणून मी खुर्ची पाठवायचं कबूल केलं.

अट एकच होती. ही खुर्ची कोणासाठी आहे ते कोणालाही कळता कामा नये, आणि पद्मजाला तर नाहीच नाही. म्हणून मी जाहीर केलं की मला स्वतःसाठी एक डुलती खुर्ची करून घ्यायची आहे.

“डुलती खुर्ची? तुमाले?” पद्मजा म्हणाली. “काहून?”

“पाठीसाठी.”

“पाठीले काय झालं?”

“काही नाही झालं. होऊ नये म्हणून.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली. पद्मजाच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार मी ओळखतो. हा मात्र नवीन होता.

शेजारच्या नानांना विचारायची गरज पडत नाही. नाना दाणी आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि त्यांना सल्ला द्यायला विषय कळावा लागतो असं नाही. “फायबरचं काम आहे ना? मग सरळ बीरगांवले जा,” ते म्हणाले. “राकेशकडे. तुझ्याच खात्याले अन् बगीच्यांले माल देत होता तो. माझं नाव सांग.” राकेश मेश्रामला मी नानांच्या किती तरी आधीपासून ओळखत होतो, पण सल्ला घेताना असल्या गोष्टी काढू नयेत.

राकेशचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. बाहेर फायबरचे हत्ती, बेडूक, घसरगुंड्या आणि पेंग्विन असे सगळे उन्हात उभे. बगीच्यात चोच उघडून उभे असतात ते कचऱ्याचे पेंग्विन याच्याच हातचे. त्याने फोटो पाहिला.

“काका, एका खुर्चीसाठी नवा साचा नाही परवडत,” तो म्हणाला. “पण तुमचं काम होऊन जाईन. माझ्याकडे पेंग्विन आहे.”

“पेंग्विन कशाला?”

“त्याचं पोट पाहा. आडवं कापलं अन् थोडं मागे झुकवलं, तं तुमच्या फोटोतली खुर्ची अन् हे पोट, यात फरक काढून दाखवा.”

मी चष्मा लावला. एका डोळ्याने फोटो, दुसऱ्या डोळ्याने पेंग्विन, असं बराच वेळ पाहिलं. माझं शिक्षण, माझा अनुभव आणि माझा सगळा अहंकार पणाला लावूनही मला फरक काढता आला नाही. अमेरिकेतल्या त्या नवरा-बायकोने पेंग्विन पाहिला होता की बीरगांवच्या पेंग्विनने त्यांची खुर्ची, हा प्रश्न मी विद्वानांवर सोडतो. राकेशने पांढरी बैठक ओतून दिली. ती खरोखर सुंदर होती. मी ती समोरून पाहिली, आतून पाहिली, हात फिरवला. मागून पाहायचं मला सुचलं नाही. खुर्चीला कोण मागून पाहतो?

पायांचं काम भैय्यालालकडे दिलं. भैय्यालाल आमच्या बुढापारा मोहल्ल्यातलाच. तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत त्याचं दुकान आहे. लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरी ज्या सिंहासनांवर घामाघूम होऊन बसतात, ती तो करतो. साधी वस्तू त्याला दुखतेच. त्याची पद्धत अशी की बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय तो करवतीला हात लावत नाही.

“बैठने वाला कौन है?” त्याने विचारलं.

यामिनी पाच फुटांनाही अपुरी पडते. मी उंच आहे, आणि पोटाच्या बाबतीतही देवाने हात आखडता घेतलेला नाही. पण सांगणार काय? “मैं,” म्हणालो.

“तो बैठो.”

बसलो. तो सुतळी घेऊन गुडघ्यामागून टाचेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत मापं घ्यायला लागला. मी शक्य तेवढा यामिनीएवढा व्हायचा प्रयत्न केला. पाय मुडपले, खांदे पाडले, पोट आत ओढलं.

“साँस छोड़ो अंकल,” भैय्यालाल म्हणाला. “कुर्सी में साँस रोक के बैठोगे क्या?”

मी श्वास सोडला आणि त्याबरोबर यामिनीचं मापही गेलं. मग तारेच्या जाळीवरून आमचं वाजलं. “तार में मुर्गी रखते हैं अंकल, आदमी नहीं,” असं म्हणून त्याने सागवानाचे पाय बसवले. आठवड्याभराने जाऊन पाहतो तर पायांना खाली वाघनखं कोरलेली.

“भैय्यालाल, सादी चाहिए बोला था ना!”

“हव, सादी ही तो है,” तो दुखावून म्हणाला. “शेर का मुँह कहाँ लगाया? खाली पंजा है.”

यामिनी हे सगळं रोज सकाळी ऐकायची. मी पेंग्विन कसा कापला ते सांगितलं, श्वास रोखून कसा बसलो ते फोन टेबलाला टेकवून करून दाखवलं. पंजाच्या दिवशी ती इतकी हसली की तिचा फोन हलायला लागला. “बाबा, रुको, रुको, पेट दुख रहा है…”

आणि आमचं दोघांचंही हसू तिथेच थांबलं. दोघांच्याही मनात एकच आलं होतं.

“हँसी से, बाबा,” ती हळूच म्हणाली. “हँसी से.”

मी पाणी प्यायलो. मग तिने सांगितलं की शिशिरच्या घरून तिला फोन करणारा प्रत्येक जण आवाज बारीक करून ‘कशी आहेस’ विचारतो, आणि ते ऐकलं की तिला भीतीच वाटते. “आप अच्छे हो. आप सिर्फ चेअर की बात करते हो.” मला चांगलं म्हणायचं हे कारण मी पहिल्यांदाच ऐकलं. पण तेव्हापासून खुर्चीच्या कामात एकही दिवस खाडा होऊ दिला नाही. काही घडलं नाही तर मी मुद्दाम जाऊन घडवून आणायचो.

मुद्दाम घडवायची गरज तशी फारशी पडली नाही. खुर्ची ई-रिक्षातून घरी आली त्या संध्याकाळी नाना आणि गल्लीतली आणखी काही मंडळी आमच्या व्हरांड्यात जमली. मी धोतर सावरून बसावं तशा थाटात (मी पायजम्यात होतो) बसलो आणि मागे रेललो. भैय्यालालने जन्मात वाकडी पट्टी पाहिली ती पाळण्याचीच, आणि त्याने तोच बाक दिला होता. खुर्ची मागे गेली, आणखी मागे गेली, आणि परत यायचं विसरली. माझे पाय वर, डोकं खाली, समोर छताचा पंखा. पडलो नाही, पण उठताही येईना.

“हालू नको शरद,” नाना म्हणाले, “फोटो काढतो.”

पद्मजा आतून आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला ओढून उभं केलं. खुर्चीला मात्र तिने बोटही लावलं नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी त्या वेळी माझी प्रतिष्ठा गोळा करण्यात गुंतलो होतो.

भैय्यालालने पट्ट्या तासून बाक कमी केला. पण गल्लीत तोवर बातमी पसरली होती की शरदरावांची पाठ गेली. धडधाकट माणूस कशाला डुलती खुर्ची करून घेईल? पाठीचा पट्टा आला, लसणाचं तेल आलं, कापराचं तेल आलं. ‘पाठ ठणठणीत आहे’ म्हणावं तर खुर्ची कशाला, हा प्रश्न उभा. म्हणून मी कण्हायला लागलो. नानांच्याने माझं कण्हणं बघवेना. ते मला पुरानी बस्तीतल्या एका मालिशवाल्याकडे घेऊन गेले. त्या पैलवानाने मला पालथं झोपवलं आणि तो माझ्या पाठीवर उभा राहिला. माझ्या निरोगी पाठीला त्या दिवसापासून खरोखरच उसण भरली. नाना येताना रस्ताभर सांगत होते, “पाहिलं? आता रोग बाहेर निघून राहिला.”

हेही यामिनीला सांगितलं. ती हसली, आणि मी कण्हत कण्हत खूश झालो.

मग तो दिवस आला. मी पहाटेच्या अंधारात खुर्ची गोणपाटात गुंडाळली, एक छोटा हाथी टेम्पो ठरवला आणि परदेशी पार्सल घेणाऱ्या एका कुरिअर ऑफिसात पोचलो. पद्मजाला सांगितलं की खुर्चीला पॉलिश करायला नेतो आहे. ती “बरं” म्हणाली. खिडकीशी शर्मिष्ठा नावाची एक मुलगी होती. चेहऱ्याने गोड, पण नियमांना पक्की. मागे लांब रांग होती.

“लकड़ी है अंकल? ट्रीटमेंट का ठप्पा?”

“सागवान है,” मी म्हणालो. सागवानाला ठप्पा मागणं हा मला सागवानाचा अपमान वाटला.

“सागवान हो या चंदन. कीड़ा मारने का सर्टिफिकेट लगता है.”

मग तिने गोणपाट सोडायला लावलं आणि टेप घेऊन खुर्चीच्या मागे गेली. तिथे ती थांबली. वाकली. आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात तिने वाचलं:

“कृपया कचरा यहाँ डालें.”

मी मागे जाऊन पाहिलं. पेंग्विनच्या पोटावरची ती उठावदार अक्षरं खुर्चीच्या पाठीवर स्वच्छ उमटली होती. राकेश ती घासून टाकायला विसरला होता. म्हणजे इतके दिवस मी व्हरांड्यात पाय पसरून डुलत होतो, येणारे-जाणारे मला नमस्कार करत होते, आणि माझ्या पाठीमागे हे लिहिलेलं होतं. भिंतीपलीकडच्या नानांना तर रोज माझी पाठच दिसायची!

“अंकल, ये डस्टबिन है क्या?”

“कुर्सी है.”

“तो ये काहे लिखा है? मेरे को सामान का सही नाम लिखना पड़ता है. डस्टबिन है तो डस्टबिन लिखूँगी.”

“बैठने की है, कुर्सी है!” माझा आवाज चढला.

“गुस्सा मत हो अंकल. पर ऐसी कुर्सी पे बैठेगा कौन? किसके लिए भेज रहे हो?”

रांगेतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझी पाठ दुखत होती, ठप्पा नव्हता, आणि माझी खुर्ची कचऱ्याची पेटी ठरली होती. मी काहीतरी ठोकून देणार होतो, पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“मेरी बेटी के लिए है,” मी म्हणालो. “उसको बच्चा होने वाला है. गोद में लेके बैठेगी. वहाँ उसके पास मायके का कोई नहीं है.”

एवढ्या दिवसांत मी हे पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो. आपण नियम मोडला, आता काही होईल का, या भीतीने मी गोणपाट पुन्हा खुर्चीवर ओढून घेतलं. शर्मिष्ठाने टेप गुंडाळली आणि मला बसायला स्टूल दिलं.

“मैं रख लेती अंकल, सच में,” ती म्हणाली. “पर ये वहाँ पहुँचेगी नहीं. पोर्ट पे रोक के जला देंगे. इससे आसान तो आंटी को भेज दो. उनको कोई सर्टिफिकेट नहीं लगता.”

मी वळलो तर रांगेत पापडाचं पार्सल हातात धरून नाना उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नानांना कळलं म्हणजे रायपूरला कळलं. पद्मजापर्यंत हे संध्याकाळच्या आत पोचणार, यात मला तिळमात्र शंका राहिली नाही.

छोट्या हाथीत आम्ही दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना बसून परत निघालो. अर्धा रस्ता नानांनी एकही सल्ला दिला नाही. नानांच्या बाबतीत हे काळजी करण्यासारखं होतं.

“शरद,” शेवटी ते म्हणाले, “यामिनी माझ्यासमोर चालायला शिकली आहे. मी नाही बोलत कोणाले.”

आणि खरंच बोलले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी लोकांनी विचारलं, पॉलिशला नेलेली खुर्ची तशीच परत कशी? तर नानांनी छातीठोकपणे सांगितलं की शरदची पाठ रस्त्यातच धरली, मलेच आणावं लागलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे आणखी दोन बाटल्या तेल आलं. नानांबद्दल मी आजवर जे जे बोललो ते मागे घेतो. ती अक्षरं दिसत असून सांगितली नाहीत, एवढं सोडून.

खुर्ची पुन्हा व्हरांड्यात आली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आलो आणि दारातच थांबलो.

खुर्चीत वरवंटा ठेवलेला होता. आमच्या स्वयंपाकघरातला, काळा, जड. एका दुपट्यात नीट गुंडाळून. दुपटं पद्मजाच्या जुन्या फिकट निळ्या साडीचं होतं. माळ्यावरचं गाठोडं कोणीतरी खाली काढलं होतं.

रिकामा पाळणा हलू देऊ नये, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. बारशालाही बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटाच निजतो. वारा सुटला होता आणि खुर्ची आपोआप हलत असणार. पण जलकार्य विभागातून निवृत्त झालेल्या माणसाची खुर्ची रिकामी हलली तर कोणी तिच्यात वरवंटा ठेवत नाही.

पद्मजा उंबऱ्याशी उभी होती.

“कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“तुमी पाठीसाठी म्हणाले तवापासून. तुमची पाठ मले माहीत नाही काय?”

“मग बोलली काहून नाही?”

“काय बोलू?” ती म्हणाली. “बोलली असती तं मीही तयारी केल्यासारखंच झालं असतं. तुमी आपले करून राहिले होते. मी पाहत नव्हती, बस.” जरा थांबून म्हणाली, “रोज सकाळी ती हसते ते आतून ऐकू येते मले. देवळातून मी लवकरच येते. मागच्या दाराने.”

तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, चेअर गई?” यामिनीने विचारलं. मी सगळं सांगितलं: ठप्पा, टेप, आणि कृपया कचरा यहाँ डालें. यामिनी हसली. हसता हसता तिचा आवाज फिरला, आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड न झाकता.

“नहीं चाहिए चेअर,” ती म्हणत होती. “बाबा, मुझे चेअर नहीं चाहिए…”

माझ्या हातातला फोन कोणीतरी काढून घेतला. पद्मजाने दुसऱ्या हाताने वरवंटा उचलून माझ्या कुशीत दिला आणि ती खुर्चीत बसली. खुर्ची माझ्या मापाची, तिला केवढी तरी मोठी झाली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळे ती हळूहळू डुलायला लागली. मी दुपट्यातला वरवंटा छातीशी धरून तिच्या बाजूला उभा होतो.

“यामिनी,” पद्मजा म्हणाली, “भेव लागून राहिलं काय?”

तिकडून हुंदका आला.

“मलेही लागते,” पद्मजा म्हणाली. “रोज लागते. मी येऊन राहिली. आजच तिकीट काढाले लावते यांना.”

“पर आई,” यामिनी नाक पुसत म्हणाली, “तू तो बोली थी ना, पहले से कुछ नहीं करना. बच्चा आने तक कुछ भी नहीं.”

“हव. बाळासाठी मी काहीच करून नाही राहिली. त्याचं ते आलं म्हणजे पाहू,” पद्मजा म्हणाली. “पण तू तं कवाचीच जन्मली आहेस ना, बाई? मी तुह्यासाठी येऊन राहिली.”

पद्मजा फोन धरून डुलत राहिली. मग यामिनी म्हणाली, “आई, लवकर ये.”